पूर येण्याआधी कार्बोरेटर उघडा

कापड विकणाऱ्या माणसाने इंजिनाचा धडा द्यावा, याचे वाचक बंधूंना नवल वाटेल. आमचा हात गजावर आणि कात्रीवर बसलेला. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये एक प्रसंग असा घडला की, त्यानंतर आम्ही हे काम एका मिस्त्रीच्या शेजारी बसून शिकलो. जे शिकलो ते आमच्या कारागीर भावांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आमचा कडेगाव तालुका तसा दुष्काळी. ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी आले म्हणून शेते हिरवी दिसतात. पण शेजारच्या पलूस तालुक्यात कृष्णा वाहते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. आम्ही दुकानातील चादरी, ब्लँकेटे आणि लुगडी टेम्पोत भरून नदीकाठच्या एका गावी गेलो. तेथे मोटर बसवलेली बोट काठाला उभी होती. समोर दोन घरांच्या माडीवर माणसे अडकलेली. पोरे मोटरची दोरी ओढून ओढून थकली, तासभर गेला, पण मोटर चालू होईना. शेवटी स्कूटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आला. त्याने कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाशी पाणी आणि डिंकासारखा चिकट गाळ. मागच्या पावसाळ्यापासून पेट्रोल तसेच आत राहिले होते. माडीवरची माणसे सुखरूप आली, पण तो तास आम्ही विसरलो नाही.

त्याच पुरात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, कृष्णा-येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेक जीव गेले. त्या दुर्घटनेचा संबंध आम्ही कार्बोरेटरशी जोडत नाही. सांगायचे एवढेच की, पुरातील बोट ही तोललेली, तपासलेली आणि माणसे मोजून घेणारीच हवी. २०२१ साली पुन्हा पूर आला. म्हणजे हे काम दरवर्षीचे आहे.

बोटीच्या मागे लटकवायची मोटर नवी नाही. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास ती विक्रीस आणली. कोकणात छोट्या होड्यांवर ती नेहमी दिसते. नव्या मोठ्या मोटरींत कार्बोरेटर नसतो, पण लहान मोटरींत अजून आहे. त्याचे काम हवा आणि पेट्रोल ठराविक मापात मिसळून इंजिनाला देणे. वाटीत पेट्रोल साठते, फ्लोट तरंगतो, पातळी भरली की फ्लोट निडल वर ढकलून वाट बंद करतो. मग बारीक भोकाच्या पितळी जेटमधून पेट्रोल हवेत ओढले जाते. ते भोक केसाएवढ्या कचऱ्यानेही तुंबते.

बिघाड का होतो? पेट्रोल उडून गेले की मागे डिंक राहतो. टू-स्ट्रोक मोटरीत पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलेले असते, ते उडत नाही, जेटमध्ये चिकटून बसते. शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. आपल्या उसाला त्यामुळे भाव मिळतो हे चांगलेच. पण इथेनॉल हवेतील ओल ओढते. पेट्रोल फार दिवस उभे राहिले की पाणी तळाशी बसते आणि ॲल्युमिनियमला गंज धरतो. जुन्या मोटरीतील रबरही त्याने फुगते.

कार्बोरेटर उघडण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक उघडे आहे का? पेट्रोल ताजे आहे का? प्लगला ठिणगी आहे का? नळी कोठे मुडपली आहे का? हे सर्व ठीक असेल तर लक्षणावरून दोष ओळखावा. चोक ओढला तरच चालते आणि सोडला की बंद पडते, तर स्लो जेट तुंबला असे समजावे. हळू चालते पण भार पडताच दम तोडते, तर मेन जेट. पेट्रोल बाहेर गळते आणि प्लग ओला होतो, तर निडल नीट बसत नाही.

आता काम. घरी म्हणजे अंगणात, चुलीपाशी नव्हे. बिडी, आगपेटी दूर ठेवावी. प्लगची टोपी काढावी, बॅटरी असेल तर तिची वायर सोडावी. पेट्रोलची नळी काढून वाटीतील पेट्रोल डब्यात काढावे. खाली जुनी पांढरी चादर अंथरावी, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. प्रत्येक भाग सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा आणि भाग काढलेल्या क्रमाने मांडावेत.

स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच घ्यावा, पितळी जेटची खाच लगेच मोडते. वाटीचे स्क्रू सोडल्यावर फ्लोटची पिन हळूच ढकलावी, म्हणजे फ्लोट आणि निडल हाती येते. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून कागदावर लिहावे. तेवढेच फेरे पुढे परत सोडायचे असतात. जोराने आवळला तर त्याचे टोक खराब होते.

धुण्यासाठी कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे वापरावा. रबरी आणि प्लास्टिकचे भाग आधी बाजूला ठेवावेत. प्रत्येक वाटेतून स्प्रे मारून हवा सोडावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. जेटमध्ये सुई किंवा लोखंडी तार घालू नये. भोक थोडे जरी वाढले तरी माप बिघडते. नायलॉनचा केस चालतो. शेवटी जेट उजेडासमोर धरावा, भोक गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे.

फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटलेला आहे. निडलच्या टोकावर गोल चर पडली असेल तर ती बदलावी. पॅकिंग आणि ओ-रिंग नेहमी नव्या घालाव्यात, त्यांचे किट मोटरीचा नंबर सांगून मागावे. वाटीच्या पॅकिंगला डिंक किंवा सोल्युशन लावू नये, त्याचाच तुकडा जेटमध्ये जातो. फ्लोटची उंची कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावी. मग उलट्या क्रमाने जोडावे. ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात, म्हणून स्क्रू आळीपाळीने आणि बेताने आवळावेत.

नंतर नळीवरील रबरी गोळा दाबून घट्ट करावा आणि कोठे गळते का पाहावे. गळत नसेल तरच मोटर चालू करावी. मोटर उघड्यावर, पाण्याच्या पिंपात उभी करावी. कोरडी मोटर क्षणभरही चालवू नये. थंड पाणी ओढणारी रबरी चकती जळते. बाजूने पाण्याची धार बाहेर येते ना, ते पाहावे. पंख्याजवळ हात नेऊ नये.

काम झाल्यावर मोटर ठेवून देताना नळी काढून वाटी कोरडी करावी. मे महिन्यात एकदा उघडून पाहावे, जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पाण्यात चालू करावी, आणि ऑईलचे प्रमाण पुस्तकाप्रमाणेच घ्यावे. ५० भाग पेट्रोलला १ भाग सांगितले असेल तर लिटरला २० मिली.

धंद्याच्या दृष्टीने दोन शब्द. स्कूटर, फवारणी पंप, जनरेटर दुरुस्त करणाऱ्या आमच्या भावांना हे काम अवघड नाही. नदीकाठच्या ग्रामपंचायतींकडे बोटी आहेत. उन्हाळ्यात जाऊन वर्षाचा करार मागावा. जुने जेट आणि पॅकिंग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे, बिल लिहून द्यावे, बदलले नाही त्याचे पैसे घेऊ नयेत. कापडात रंग जाणारा माल एकदा दिला की गिऱ्हाईक परत येत नाही, हे आम्ही तीस वर्षे पाहिले. येथे तर माडीवर माणसे वाट पाहत असतात. तेव्हा हुनर शिकावे, आणि पाणी चढायच्या आधीच कामाला लागावे.