वरची एक ओळ आणि खालचे सगळे नियम

ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजेच एसीएल, ही राऊटरला दिलेली नियमांची यादी असते. कोणत्या पत्त्यावरून आलेले पॅकेट कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवर जाऊ द्यायचे आणि कोणते तिथेच टाकून द्यायचे, हे ती ठरवते. राऊटर यादी वरून खाली वाचतो. जो नियम पहिल्यांदा जुळेल तो लागू होतो आणि वाचन तिथेच थांबते. एकही जुळला नाही तर पॅकेट टाकून दिले जाते, कारण यादीच्या तळाशी 'बाकी सगळे नाकारा' ही न दिसणारी ओळ असतेच. बहुतेक घोटाळे याच दोन गोष्टींचा विसर पडल्याने होतात.

नागपूरच्या महालात, केळीबाग रोडच्या आसपास, खाली दुकाने आणि वर कार्यालये अशा दाटीच्या इमारती आहेत. अशाच एका कार्यालयात हिशेबाचे संगणक 192.168.10.0 या जाळ्यात आणि सीसीटीव्ही कॅमेरे 192.168.20.0 मध्ये होते. कॅमेऱ्यांकडून हिशेबाकडे काही जाऊ नये, एवढीच गरज होती. गरज रास्तच, कॅमेऱ्यांचे पासवर्ड बरेचदा कारखान्यातून आले तसेच राहतात. पण यादीत लिहिला गेला तो फक्त 'डिनाय'चा नियम, परवानगीचा एकही नाही. तळाच्या अदृश्य ओळीने कॅमेऱ्यांची बाकी सगळी वाहतूकही अडवली आणि मालकांच्या मोबाइलवर चित्र दिसेनासे झाले.

मग घाईघाईत, तात्पुरती म्हणून, यादीच्या अगदी वर 'परमिट आयपी एनी एनी' ही ओळ घातली गेली. चित्र परत आले, सगळे निवांत झाले आणि ओळ तशीच राहिली. कागदावर दोन्ही जाळी वेगळी, प्रत्यक्षात कुणीही कुणाकडे जाऊ शकत होते. हे उघड झाले ते 'शो ॲक्सेस-लिस्ट्स' ही आज्ञा दिल्यावर. सिस्कोच्या राऊटरवर या आज्ञेने प्रत्येक ओळ किती वेळा जुळली त्याचा आकडा दिसतो. पहिल्या ओळीपुढे भलामोठा आकडा होता, खालच्या ओळींपुढे काहीच नव्हते. चुकून बंद झालेल्या वाटेची तक्रार पाच मिनिटांत येते. चुकून उघडी राहिलेल्या वाटेची तक्रार कुणीच करत नाही. म्हणून हे आकडे ठरावीक दिवशी पाहिलेच पाहिजेत.

योग्य क्रम असा: आधी कॅमेऱ्यांकडून हिशेबाकडे जाणाऱ्या वाहतुकीला 'डिनाय', त्यानंतर जे खरोखर लागते त्याला 'परमिट'. हिशेबाच्या संगणकावरून कॅमेरे पाहायचे असतील तर मात्र या 'डिनाय'मध्ये कॅमेऱ्यांची उत्तरेही अडकतात, कारण साधी एसीएल आधीचा संवाद लक्षात ठेवत नाही. टीसीपीच्या उत्तरांसाठी 'एस्टॅब्लिश्ड' हा शब्द असलेली परवानगी त्याच्याही वर ठेवावी लागते. संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीसाठी यूडीपी पोर्ट 67 विसरू नये. ते विसरल्यास बिघाड लगेच दिसत नाही, पत्त्याची मुदत संपली की मगच दिसतो.

नियमात पत्त्यापुढे लिहायचा वाइल्डकार्ड मास्क हा सबनेट मास्कच्या उलटा असतो. 0.0.0.255 च्या जागी सवयीने 255.255.255.0 लिहिले तरी राऊटर हूं की चूं करत नाही. नियम मात्र फक्त शेवटचा आकडा 0 असलेल्या पत्त्यांना लागू होतो, म्हणजे बहुधा कुणालाच नाही.

चालू यादी दुरुस्त करणे सर्वांत नाजूक. क्रमांकाच्या यादीतील एकच ओळ जुन्या पद्धतीने 'नो' लावून काढायला गेले की पूर्ण यादी पुसली जाते. इंटरफेसवर लावलेली यादी रिकामी असेल तर सगळे आत-बाहेर जाते. पहिली ओळ टाइप होताच बाकी सगळे अडते. त्यामुळे नाव दिलेली यादी वापरावी, तिच्या ओळींना 10, 20, 30 असे क्रमांक असतात आणि मधे ओळ घालता येते. दुरून काम करताना आधी 'रीलोड इन 10' द्यावे. स्वतःचीच वाट बंद झाली तरी दहा मिनिटांनी राऊटर जुन्या, जतन केलेल्या मांडणीवर परत येतो. सगळे नीट चालले की 'रीलोड कॅन्सल' आणि मगच जतन.

छोट्या कार्यालयाला एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील काम ठप्प केले, तेव्हा जेएनपीटी बंदरातील त्यांच्या टर्मिनललाही झळ बसली. तो प्रोग्रॅम एका संगणकातून दुसऱ्यात जाताना पोर्ट 445 चाही वापर करत होता. त्या पोर्टची कॅमेऱ्यांना किंवा पाहुण्यांच्या वायफायला काडीची गरज नसते. तिथे तो बंदच असावा.

नाकारलेल्या पॅकेट्सची नोंद हवी असेल तर तळाची ओळ स्वतः लिहून तिला 'लॉग' जोडावे लागते. अदृश्य ओळ काहीही नोंदवत नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे बंधनकारक आहे.