मावळ्याच्या उंचीवर कॅमेरा
शंका-समाधान : छोट्या प्रतिकृतींचे छायाचित्रण

दिवाळी संपली की या विषयावरची पत्रे वाढतात, कारण उपनगरातल्या निम्म्या सोसायट्यांत तेव्हा किल्ले उभे असतात. यंदा किल्ल्यांबरोबर बस, मोटारी आणि होड्याही आल्या आहेत.

शंका : आमच्या सोसायटीतल्या मुलांनी यंदा राजगड केला. विटा, गोणपाट, माती, सगळी मेहनत त्यांचीच. प्रत्यक्षात किल्ला सुंदर दिसतो, पण मोबाईलवर फोटो काढला की नुसता मातीचा ढीग वाटतो. मागे उभ्या गाड्या दिसतात त्या वेगळ्याच. काय चुकतं?
– एक पालक, मुलुंड (पूर्व)

समाधान : चुकते ती कॅमेऱ्याची उंची. तुमचा मातीचा मावळा ७ सेंटिमीटरचा धरू. खरा माणूस १७० सेंटिमीटरचा, म्हणजे प्रमाण झाले साधारण १:२४. तुम्ही उभ्याने दीड मीटरवरून फोटो घेता, तेव्हा किल्ल्याच्या हिशेबात तुम्ही ३६ मीटर उंचीवर असता. बारा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पाहावे तसे. तिथून कोणताही बुरूज बसकाच दिसणार. मावळ्याचे डोळे जमिनीपासून साडेसहा सेंटिमीटरवर आहेत. भिंग तिथे न्या. मोबाईल उलटा धरलात, तर वरच्या कडेला असलेले भिंग खाली येते आणि हे सहज जमते. तटबंदी एकदम अंगावर येईल, बालेकिल्ला आभाळात जाईल आणि मागच्या गाड्या बहुतेक किल्ल्याआडच लपतील. एखादी उरलीच, तर दोन मुलांना दोन-अडीच मीटर मागे फिकट निळसर चादर ताणून उभे करा.

पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मागचे सगळे धूसर करतो, आणि मागे धूसर झाले की डोळा लगेच ओळखतो की वस्तू छोटी आहे आणि फोटो जवळून काढला आहे. मोबाईल मावळ्याच्या नाकाला लावू नका. अर्धा-पाऊण मीटर मागे सरका आणि दुप्पट झूम करा. मोठा कॅमेरा असेल तर ॲपर्चर एफ/११ किंवा एफ/१६ ठेवा आणि शटर मंद होते म्हणून कॅमेरा विटेवर टेकवा.

आता उजेड. घरातल्या दिव्याखाली प्रतिकृती कधीच खरी वाटत नाही, कारण दिवा जवळ असतो. सावल्या फाकतात, आणि एका टोकाला लख्ख तर दुसऱ्या टोकाला अंधार होतो. सूर्य मात्र खऱ्या राजगडापासून जितका दूर, तितकाच तुमच्या विटांच्या राजगडापासून. म्हणून सकाळच्या पहिल्या तासातले तिरपे ऊन या कामाला सर्वांत प्रामाणिक. पणती चौकटीत ठेवू नका. तिची अडीच सेंटिमीटरची ज्योत या प्रमाणात ६० सेंटिमीटरची होते. ती बुरुजाआड ठेवा, नुसता उजेड येऊ द्या.

बाजारातली चित्रे एका मापाची नसतात. सिंहासनावरचे महाराज पहारेकऱ्याच्या दुप्पट, तर वाघ दरवाजाएवढा. मोठी चित्रे भिंगाजवळ आणि लहान लांब ठेवली की हा फरक खोलीसारखा भासतो. पण मुलांनी महाराजांना सर्वांत वर बसवले असेल, तर फोटोसाठी ते हलवू नका. तो त्यांचा मान आहे. त्यांचा वेगळा फोटो घ्या.

एक सुचवणी पुढच्या वर्षासाठी. राजगडाचा कातळ काळा आहे, बेसॉल्टचा. तांबडी माती जांभा दगडाच्या कोकणी किल्ल्यांना शोभते. सह्याद्रीतल्या किल्ल्याला वरून काळ्या दगडाची कच भुरभुरवा.

शंका : अंधेरीतली शेवटची साधी डबलडेकर बंद झाली तेव्हा फार वाईट वाटले. मी पुठ्ठ्याची १:२४ प्रमाणात बस केली आहे, ४१५ क्रमांकाची. ती खऱ्या रस्त्यावर धावतेय असा फोटो मिळेल का?
– एक निवृत्त वाचक, अंधेरी (पूर्व)

समाधान : मिळेल, आणि तुमच्या घराजवळच मिळेल. जुन्या पद्धतीची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी आगरकर चौक ते सीप्झ या मार्गावर धावली. फोटोही त्याच बाजूच्या रस्त्यावर घ्या, नाहीतर ४१५ ला अर्थ उरणार नाही.

या प्रकारचा मार्गदर्शक म्हणजे अमेरिकेतले मायकल पॉल स्मिथ. त्यांनी १:२४ च्या मोटारी टेबलावर मांडल्या, मागे खरी झाडे-घरे ठेवली आणि साध्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने ‘एल्गिन पार्क’ नावाचे एक अख्खे काल्पनिक गाव उभे केले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या कामामागचे गणित आपल्यालाही पुरते. कॅमेरा बसपासून दीड मीटरवर असेल, तर बस ३६ मीटरवर उभी असल्यासारखी दिसते. म्हणून मागचे खरे झाड कॅमेऱ्यापासून ३६ मीटरांच्या पलीकडे हवे. अलीकडे आले तर ते बसच्या मानाने राक्षसी वाटेल.

दुसरी गोष्ट टेबलाची उंची. कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागापासून साडेसहा सेंटिमीटरवर राहील, आणि मागचा खरा रस्ता माणसाच्या नजरेतून, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवरून दिसायला हवा. तेव्हा टेबल छातीइतके उंच लागते, साधारण १.४ मीटर. जेवणाचे टेबल खाली विटा ठेवून वर उचला. टेबलावर काळा रंग दिलेला पॉलिश पेपर पसरा; तो डांबरासारखा दिसतो. त्याची पलीकडची कड खऱ्या रस्त्याच्या कडेशी जुळेपर्यंत कॅमेरा केसभर वरखाली करत राहा. या जुळणीत घाई केली की सगळी मेहनत वाया जाते. रविवारी सकाळी एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात. टेबल पदपथावरच ठेवा, आणि चालणाऱ्यांना वाट राहील असे.

शंका : माझ्याकडे १:६४ च्या मोटारी आहेत. नॅशनल पार्कात जंगलातल्या रस्त्यावर त्यांचे फोटो काढायचे आहेत. परवानगी लागते का? संध्याकाळी आरेमध्ये गेलो तर चालेल का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, बोरिवली

समाधान : तिकीट काढून जा आणि हातातल्या मोबाईलने खुशाल फोटो घ्या. मात्र उद्यानातली कान्हेरी लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथे ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. महाकाली आणि मंडपेश्वरलाही तेच लागू. लेण्यांच्या कोरीव कामावर गाडी टेकवू नका.

जंगलात अडचण येते ती पानांची. सागाचे ४० सेंटिमीटरचे पान १:६४ मध्ये २५ मीटरचे होते, तुमच्या मोटारीमागे इमारत आडवी पडावी तेवढे. म्हणून पाने चौकटीबाहेर ठेवा आणि दगड शोधा. दहिसर नदीच्या पात्रातला भेगाळलेला काळा कातळ या प्रमाणात घाटातल्या कड्यासारखा दिसतो. शेवाळ हे उत्तम गवत आहे, पण ते राष्ट्रीय उद्यानातून खरवडून आणू नका. तिथून पान-दगडही उचलायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. पावसाळ्यात तुमच्या इमारतीच्या कुंपणभिंतीवर हवे तेवढे शेवाळ मिळेल.

आरेबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे : उन्हे उतरल्यावर जाऊ नका. हे फोटो काढताना माणूस पालथा झोपतो किंवा उकिडवा बसतो, नजर भिंगात आणि पाठ झाडीकडे. आरेत बिबट्यांचा वावर आहे, २०२१ आणि २०२२ मध्ये तिथे माणसांवर हल्ले झाले. उभ्या माणसाला बिबट्या सहसा टाळतो. वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान मूल त्याला सावजाएवढे दिसू शकते. सकाळी चांगले उजाडल्यावर, दोघे-तिघे मिळून जा. एकाने फक्त आजूबाजूला लक्ष ठेवायचे.

शंका : मी खेळण्यातल्या होडीचा पावसात व्हिडिओ केला, पण पाणी खोटे वाटते.
– एक वाचक, घाटकोपर

समाधान : पाणी लहान होत नाही, हीच त्यातली मेख. पावसाचा टपोरा थेंब ५ मिलिमीटरचा. १:६४ च्या होडीवर तो ३२ सेंटिमीटरचा गोळा होऊन बसतो. त्यामुळे खरा पाऊस टाळा. पाऊस थांबल्यावरचे ओले, ढगाळ वातावरण वापरा, किंवा फवारणीच्या बाटलीने अगदी बारीक तुषार मारा.

व्हिडिओत वेगही बदलावा लागतो. छोट्या उंचीवरून वस्तू लवकर खाली येते, लाटही लवकर विरते. नियम असा की प्रमाणाच्या वर्गमुळाइतका वेग कमी करायचा. १:२५ ची होडी असेल तर पाचपट. सेकंदाला १२० चौकटींनी चित्रित करून २४ ने दाखवले की नेमके पाचपट होते, आणि ही सोय आता बहुतेक मोबाईलमध्ये असते. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ओहोटीला गोराईला जा. ओल्या वाळूवरच्या वळ्या वाळवंटातल्या टेकड्यांसारख्या दिसतात. खेकड्यांनी मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या मात्र चौकटीत घेऊ नका; त्या तोफगोळ्यांएवढ्या वाटतील.

शंका : किल्ल्यावर अळीव पेरले आहेत. ते उगवताना दाखवता येतील का?
– इयत्ता सातवी, कांदिवली

समाधान : नक्की येतील. विटांचा छोटा कोनाडा कर, म्हणजे मोबाईल रोज त्याच जागी बसेल. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी एकेक फोटो घे आणि आठवड्याने सगळे जोड. पाणी फोटो काढून झाल्यावर घाल. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्याआधी वाटाण्याचे रोप कसे वाढते ते अशाच पद्धतीने, थांबत थांबत चित्रित केले होते. त्या छोट्या चित्रपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’.

वाचकांना विनंती : फोटो पाठवताना प्रतिकृतीची उंची, कॅमेऱ्याचे तिच्यापासूनचे अंतर आणि भिंगाची जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. हे तीन आकडे असले की चूक कुठे आहे ते सांगता येते.