सदोष नायक आणि शरणागती

संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार प्रकार मानले. चारही ‘धीर’ आहेत. स्वतःच्या अपराधाने आतून पोखरलेल्या नायकास तेथे वेगळे नाव नाही. बायरनचा ‘मॅन्फ्रेड’ (१८१७) असा नायक होय. तो अपराध जाणतो, परंतु मठाधिपतीने दाखविलेला क्षमेचा मार्ग नाकारतो.

याच काळात, तंजावरी दुसरे सरफोजी गादीवर असताना, कावेरीकाठच्या तिरुवैयारु येथे त्यागराजांचे (१७६७–१८४७) वास्तव्य होते. गौळ रागातील ‘दुडुकुगल’ या तेलुगू पंचरत्न कृतीत ते स्वतःच्या दोषांचा पाढा वाचतात. आत्मनिर्भर्त्सना येथेही आहे. मात्र तिच्या मुळाशी रक्षणाची याचना आहे. म्हणजे भेद अपराधाच्या जाणिवेत नाही. ती जाणीव कोणापुढे ठेवली जाते, यात आहे.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) सुधाकर या दोहोंमध्ये उभा आहे. अपमानाने दुखावलेला अहंकार बायरनच्या नायकाचा, पश्चात्ताप भक्ताचा. परंतु तो ज्याच्यापुढे ठेवावा, असे कोणी त्यास दिसत नाही. आधुनिक मराठी शोकात्मिकेचे मूळ या रित्या जागेत शोधावे लागेल.