मूल चुकले की प्रश्न चुकला?

घरात चार-पाच वर्षांचे भावंड असेल तर हा प्रयोग अवश्य करून पाहा. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा आणि विचारा, "दोन्हींत चिंचोके सारखेच आहेत, की एकीत जास्त आहेत?" मूल म्हणेल, "सारखेच." आता त्याच्यादेखत एका ओळीतले चिंचोके लांब लांब सरकवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. बहुधा उत्तर येईल, "हिच्यात जास्त!"

हा प्रयोग प्रसिद्ध केला तो स्विस शास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी. हे गृहस्थ मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, शंख-गोगलगायींचे अभ्यासक. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्यांना बरोबर उत्तरांपेक्षा चुकीचीच अधिक मोलाची वाटली. कारण एका वयाची मुले पुष्कळदा एकाच तऱ्हेने चुकत. मग मुलांशी बोलत, "असे का बरे?" विचारत त्यांच्या विचारांचा माग काढणे ही त्यांची पद्धतच झाली. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे सुमारे सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना उमगत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऊर्जेच्या अक्षय्यतेसारखीच ही संख्येची अक्षय्यता!

पण भौतिकीच्या माणसाला येथे एक शंका येते. चमचाभर गरम पाण्यात थंड तापमापी बुडविली, तर ती पाण्याचीच थोडी उष्णता घेते. आपण वाचतो ते तापमान मूळचे नसतेच. मुलाला विचारलेला प्रश्नही असाच एक तापमापी नव्हे काय? वर्गात उत्तर दिल्यावर गुरुजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आपण काय करतो? आपले चुकले असे समजून उत्तर बदलतो. त्यातून येथे तर मोठ्या माणसाने मुद्दाम, दाखवून दाखवून ओळ बदललेली!

१९७४ मध्ये अमेरिकेत सुझान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी पहिला प्रश्न गाळला. ओळ बदलल्यावर एकदाच विचारले. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी याहून गमतीची युक्ती केली. त्यांचे एक खोडकर टेडी अस्वल खोक्यातून बाहेर येई आणि ओळ विसकटून टाकी. म्हणजे बदल झाला तो अपघाताने, प्रश्नकर्त्याने केलेला नव्हे. सुमारे चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी आता "सारखेच" म्हटले. नेहमीच्या पद्धतीत असे म्हणणारी मुले पुष्कळच कमी होती.

म्हणून पियाजे खोटे ठरले काय? इतक्या घाईने तसे म्हणता येणार नाही. अस्वलाच्या गमतीत मुलाचे ओळीकडे लक्षच राहिले नसेल, आणि म्हणून ते जुनेच उत्तर देत असेल, असा आक्षेप पुढे घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. तो तपासायचा तर अस्वलाला एखादा चिंचोका खरोखरच पळवू द्यावा आणि मुलाला तो फरक कळतो का ते पाहावे.

तुम्ही हे करून पाहणार असाल, तर एकाच मुलावर दोन्ही पद्धती वापरू नका. पहिल्या वेळची आठवण दुसऱ्या उत्तरात मिसळते. आळीतली दहा-बारा मुले जमवा. कोणाला कोणती पद्धत हे नाणे उडवून ठरवा, नाहीतर हुशार वाटणारी मुले नकळत आपल्या आवडत्या बाजूला जातात. प्रश्नाचे शब्द आणि आवाज प्रत्येक वेळी तोच ठेवा, आणि उत्तर ऐकून "नक्की ना?" असे मात्र चुकूनही म्हणू नका.