कुंडीतले अननसाचे भाऊबंद

अननस सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात भारतात आणला. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत तो आंतरपीक म्हणून घेतात. याच कुळातली, पण रंगासाठी लावली जाणारी झाडे म्हणजे ब्रोमेलियाड. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ ब्रोमेलियस यांच्यावरून हे नाव पडले. आमच्या व्हरांड्यातल्या कुंड्या पाहून पालक हमखास विचारतात, "प्लास्टिकची आहेत का रे?"

अमेरिकेतल्या जंगलांत यांच्या अनेक जाती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात, पण बांडगुळासारखा त्यांचा रस शोषत नाहीत. मुळे फक्त घट्ट धरून ठेवतात. पाणी पितात ती पाने. ती बुडाशी जुळून पेला तयार होतो. म्हणून नुसती माती भरली की मुळे कुजतात. काथ्याचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे आणि थोडा कुजलेला पालापाचोळा पुरे.

जबलपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. तेव्हा हिरव्या जाळीखाली फक्त सकाळचे ऊन द्यावे. निओरेगेलियाला अगदीच सावलीत ठेवले तर लाल रंग जाऊन तो हिरवा पडतो. गुझमानियाला मात्र सावलीच मानवते. जानेवारीच्या रात्री सगळ्यांना आत घ्यावे.

आता खरी अडचण. पेल्यात साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढू शकतो. गेल्या पावसाळ्यात कुंड्या फेकून द्याव्यात असे ठरत होते, आणि जिथे चाळीस मुले शेजारी शेजारी झोपतात तिथे ती काळजी रास्तच होती. पण अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आम्ही बुधवारी आणि रविवारी पी.टी.नंतर प्रत्येक कुंडी आडवी करून पाणी कोरड्या जमिनीवर ओततो, नालीत नाही. अंडी पाण्याच्या कडेला चिकटून सुकली तरी जगतात, त्यामुळे पेला जोरदार धारेने धुवावा लागतो. रॉकेल टाकू नये, तेलाने पाने खराब होतात. मोरचूद तर या झाडांना विषच.

एक रोप एकदाच फुलते आणि मग हळूहळू वाळते. तोवर बुडाशी पिल्ले येतात. ती आईच्या निम्म्याएवढी झाली की वेगळी करावीत. पूर्ण वाढलेले रोप फुलत नसेल तर पेला रिकामा करून, पिकलेल्या सफरचंदासह ते आठवडाभर पिशवीत बांधावे. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू त्याला फुलवतो. मेसमध्ये सफरचंद मिळेल त्या दिवशी एक राखून ठेवा.