कान सांभाळून ऐका, झोप सांभाळून पाहा

घरात लेकरू आलं की आई-बापाच्या वेळेला पहिली कात्री लागते ती त्यांच्या आवडीला. डबा चुकत नाही, शाळेची मीटिंग चुकत नाही, लांबच्या नात्यातलं लग्नही चुकत नाही. गाण्याचा कार्यक्रम मात्र दर वेळी पुढे ढकलता येतो, कारण तो बुडाला म्हणून कुणी रुसत नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करते, छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत राहते, दोन मुलांची आई आहे, आणि गाणं ऐकल्याशिवाय मला करमत नाही. धावपळीत ही आवड कशी टिकवायची, आणि टिकवताना कुठे जपायचं, हे मी अनुभवातून शिकले. माझ्यासारख्या आई-बापांसाठी ते इथे मांडते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: आवड सोडू नका. 'मुलं मोठी झाली की निवांत ऐकू' असं आपण म्हणतो, पण कलाकार आपल्यासाठी थांबून राहत नाहीत. पंडित नाथराव नेरळकर आपल्याच शहरात राहत, इथेच शिकवत. मार्च 2021 मध्ये ते गेले, तेव्हा 'एकदा समोर बसून ऐकायचं राहिलं' असं म्हणणारे किती तरी जण मला भेटले. 2024 चं साल तर कुणी रसिक विसरणार नाही. 9 जानेवारीला उस्ताद राशिद खान अवघ्या 55 व्या वर्षी गेले, चार दिवसांनी प्रभाताई अत्रे गेल्या आणि डिसेंबरात झाकिर हुसेन. त्यांचं ध्वनिमुद्रण आहे आणि ते राहीलही. समोर बसून ऐकण्याची संधी मात्र कायमची गेली.

म्हणून मुलांना सोबत घेऊन जायचं असं आम्ही ठरवलं. पहिला धडा तिथेच मिळाला.

मुलीच्या कानातला पंखा

हिवाळ्यातला, मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम होता. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली, आम्ही उशिरा पोहोचलो. रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या त्या अगदी पुढे, डाव्या बाजूच्या स्पीकरच्या रांगेसमोर. पहिल्या गाण्याला ती टाळ्या वाजवत नाचली. मग तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. थोड्या वेळाने हातही खाली आले आणि ती माझ्या मांडीवर गप्प पडून राहिली. तिला झोप आली असावी असंच कुणालाही वाटलं असतं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "आई, माझ्या कानात पंखा चालू आहे. बंद कर ना."

सकाळीही पंखा चालूच होता आणि मागून हाक मारली तर ती वळत नव्हती. आम्ही थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान तपासला, ऐकण्याची चाचणी केली. दोन-तीन दिवसांत सगळं पूर्ववत झालं. पण निघताना डॉक्टर म्हणाले, "या वेळी परत आलं. दर वेळी येईलच असं धरून चालू नका."

कारण असं की आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. आवाजाची कंपनं मेंदूपर्यंत पोहोचवण्याचं काम त्यांच्याकडे असतं. मोठ्या आवाजाने त्या थकतात, तेव्हा कान गुंगतो आणि काही काळाने सावरतो. मारा फार झाला की त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे कार्यक्रमानंतर कानात वाजू लागलं तर 'मजा आली त्याची खूण' म्हणून ते सोडून देऊ नका. ती इजेची सूचना असते. एक दिवस उलटूनही आवाज राहिला किंवा कमी ऐकू येऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी गाठा, घाटीचं सरकारी रुग्णालय असो की जवळचा दवाखाना. त्यावरचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके जास्त उपयोगी पडतात.

कारखान्यातलं गणित मैदानावरही लागू

आमच्या प्रेस शॉपमध्ये कानात प्लग घातल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, जगभरचे तज्ज्ञ 85 च धरतात. त्यांचा हिशेब सोपा आहे: आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. 85 ला आठ तास, 88 ला चार, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास आणि 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी मानक जाहीर केलं. त्यात पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगितलं आहे. हीच वरची हद्द असेल, तर स्पीकरपाशी तीन तास बसलेल्या मुलाच्या कानांवर काय बेतत असेल, याचा विचार करा.

मोजायला यंत्र लागत नाही. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी बोलायला ओरडावं लागलं, की आवाज 85 च्या आसपास किंवा वर गेला असं समजायचं. मोबाइलवरच्या ॲपने अंदाज येतो, नेमका आकडा येईलच असं नाही.

उपाय तीन.

पहिला, लांब बसा. साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की मोकळ्या मैदानावर आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे सुरक्षित वेळ चौपट होते. एकावर एक टांगलेल्या स्पीकरांच्या रांगेचा आवाज इतका झपाट्याने उतरत नाही, म्हणून तिथे आणखी मागे सरका. मधल्या रांगांच्या मागे, कडेची खुर्ची मुलांसाठी उत्तम. उठून बाहेरही पडता येतं.

दुसरा, मुलांसाठी त्यांच्या मापाचे इअरमफ घ्या. लहान मुलांना फोमचे प्लग देऊ नका, ते तोंडात घालतात आणि घशात अडकायची भीती असते. थंडीत एक चूक हमखास दिसते: कानटोपी आधी आणि मफ तिच्यावर. मग कानाभोवतीची गादी त्वचेला चिकटत नाही, फट राहते आणि आवाज आत शिरतो. आधी मफ कानावर नीट बसवा, केस बाजूला करा आणि मग वरून शाल घ्या. पाकिटावर छापलेल्या आकड्याइतका आवाज प्रत्यक्षात क्वचितच कमी होतो, तेव्हा मफ घातला म्हणून स्पीकरसमोर बसू नका. तान्ह्या बाळाला तर मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाला नेऊच नका.

तिसरा, कानांना विश्रांती द्या. मध्यंतरात मैदानाबाहेर चक्कर मारा. मुलाने कानांवर हात ठेवले की कारण विचारत बसू नका, उठा.

कोणता कार्यक्रम, किती वेळ

आई-बापांनी कार्यक्रम निवडताना कलाकाराच्या नावाइतकंच जागा आणि वेळ पाहावी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभराच्या मैफलींची सवय असलेल्या जुन्या रसिकांना हे जाचलं, पण लेकुरवाळ्यांची त्यात सोय झाली. दहाला कार्यक्रम संपला तर अकराला मुलं अंथरुणात असतात.

आपल्या शहराचं भाग्य म्हणजे निवडीला वाव आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सव मधली काही वर्षं खंड पडून 2023 च्या फेब्रुवारीत सोनेरी महालाच्या प्रांगणात पुन्हा भरला. डोंगराच्या कुशीतली ती जागा मुलांना आवडते, पण रात्री गारठा असतो; स्वेटर हवाच. संत तुकाराम नाट्यगृह आणि संत एकनाथ रंगमंदिरात नाट्यसंगीत, भावगीतांचे कार्यक्रम होतात. बंदिस्त सभागृहात स्पीकरच्या भिंती लागत नाहीत, आणि मूल कंटाळलं तर बाहेर ओसरी असते. महागामी गुरुकुलाचा शार्ङ्गदेव समारोह जानेवारीत एमजीएमच्या परिसरात होतो. संध्याकाळच्या सादरीकरणांबरोबर दिवसा सप्रयोग व्याख्यानं असतात. शाळकरी मुलांना गाणं-नाच कसा घडतो हे जवळून दाखवायला ती फार चांगली. दिवाळी पहाट तर आई-बापांसाठीच आहे असं मला वाटतं: मुलं अभ्यंगस्नान करून ताजीतवानी असतात आणि कुणाची झोपही मोडत नाही.

पूर्ण कार्यक्रम ऐकलाच पाहिजे हा हट्ट सोडा. मध्यंतरापर्यंत मन लावून ऐकलेलं गाणं पुढे आठवडाभर सोबत राहतं. आणि दर वेळी सगळ्यांनीच जायला हवं असंही नाही. आम्ही घरात पाळी लावली आहे: एका कार्यक्रमाला मी, पुढच्याला नवरा. मागे राहणारा मुलांना जेवू घालून झोपवतो, सासूबाई सोबत असतात. ज्याची पाळी असेल त्याने घरी सारखे फोन करायचे नाहीत, हाही नियम आहे.

टीव्ही: आवडीचं पाहा, पण ठरवून

टीव्हीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. 2009 च्या फेब्रुवारीत 'सारेगमप लिटल चॅम्प्स'ची महाअंतिम फेरी झाली, तेव्हा आमच्या गल्लीत सामसूम होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, आणि लातूरचा रोहित राऊत आपल्या मराठवाड्याचा म्हणून आमचा जीव त्याच्यात अडकलेला. 2021 मध्ये कार्तिकी, रोहित आणि त्यांच्यासोबत अंतिम फेरीत असलेले आर्या, मुग्धा, प्रथमेश त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसले, तो मी मुलीला मांडीवर घेऊन पाहिला. असं एकत्र पाहणं घराला जोडून ठेवतं.

धोका आहे तो मुलं झोपल्यानंतरच्या पाहण्यात. दिवसभरात स्वतःचा म्हणून तोच वेळ उरतो, एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि दोन कधी वाजतात कळत नाही. आमच्याकडे पहिल्या पाळीत एका ऑपरेटरचा हात प्रेसच्या डायखाली गेला. किरणांच्या आड हात येताच मशीन बंद पाडणाऱ्या लाइट कर्टनमुळे ते जागच्या जागी थांबलं म्हणून बोटं वाचली. चौकशीला मी बसले होते. चांगला, सावध कामगार, दोन लहान लेकरांचा बाप. लेकरं झोपल्यावर आवडती मालिका बघत तो दोनपर्यंत जागा होता आणि पाचला उठून बस पकडून आला होता. मोटारसायकलवर असता तर त्याला थांबवायला लाइट कर्टन नसता.

मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. सकाळची वेळ ठरलेली असते, म्हणून उलटा हिशेब करा: पाचला उठायचं असेल तर दहाला टीव्ही बंद. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप लागण्याची सोय बंद ठेवा. आवडता कार्यक्रम आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून पाहा. आता जवळपास सगळंच नंतरही पाहता येतं. प्रसारभारतीने आपल्या संग्रहातल्या जुन्या मैफली यूट्यूबवर खुल्या केल्या आहेत, त्या भाजी निवडतानाही ऐकता येतात. मुलांच्या बाबतीत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला साधा आहे: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नको. हेडफोन लावून देत असाल तर आवाज निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका.

नोकरी आणि गाणं

वेळ नाही असं वाटलं की मला दौलताबाद आठवतं. तेव्हाच्या देवगिरीत, तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव हिशेबाचं खातं सांभाळायचा. ती जबाबदारी पेलत त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. स्वर, राग, ताल, वाद्य, नृत्य असं सगळं सात अध्यायांत मांडलं. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा आजही तो ग्रंथ प्रमाण मानतात. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या माणसाने संगीताला एवढं दिलं. आपल्याला महिन्यातली एक संध्याकाळ द्यायची आहे.

तेव्हा आजच भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि घरात बसून ठरवा: या महिन्यात कोणता कार्यक्रम, कुणाची पाळी, मुलं सोबत की घरी. मुलं येणार असतील तर इअरमफ आधी मागवा आणि घरी थोडा वेळ घालून पाहायला लावा, म्हणजे मैदानात ती काढून फेकणार नाहीत. घरातून अर्धा तास लवकर निघा, मागची कडेची जागा धरा. आणि एकदा गाणं सुरू झालं की मोबाइल पिशवीत टाकून मन लावून ऐका. मुलांना गाण्याची गोडी लागते ती आई-बाप ऐकताना कसे रंगून जातात हे पाहून, आणि ते पाहायचं तर मुलांचे कानही शाबूत हवेत आणि आपणही जागे हवेत.