वाक्याची आकृती

अमेरिकेतील शाळांत इंग्रजीच्या तासाला वाक्ये फळ्यावर रेखाटण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. अलॉन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांच्या १८७७ सालच्या व्याकरणग्रंथाने तिला स्थिर रूप दिले. आडव्या रेघेवर वाक्याचा गाभा लिहावयाचा; तिला छेदणारी उभी रेघ उद्देश्य व विधेय वेगळे करते. विशेषणे खाली तिरप्या रेघांवर येतात.

या पद्धतीची खरी उपयुक्तता मिश्रवाक्यात दिसते. 'व्हेन द रेन स्टॉप्ड, द बॉइज वेन्ट होम' हे वाक्य घ्या. येथे मुले घरी गेली, हे प्रधान वाक्य वर येते. पाऊस थांबल्याचे गौणवाक्य खालच्या रेघेवर, आणि दोन्ही क्रियापदांना सांधणाऱ्या तुटक रेघेवर 'व्हेन'. विद्यार्थ्याने 'स्टॉप्ड'नंतरच पूर्णविराम दिला, तर ती तुटक रेघ अधांतरी राहते. दोष डोळ्यांनाच दिसतो. (मराठीत 'जेव्हा' आले की बहुधा 'तेव्हा'ही येतो; म्हणून आपली मुले इंग्रजीत नको असलेला 'देन' घालतात.)

मात्र आकृती काढता येणे म्हणजे लिहिता येणे नव्हे. रिचर्ड ब्रॅडॉक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६३ सालच्या अहवालाने तर असा निष्कर्ष काढला की, औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाचा लेखनावर होणारा परिणाम नगण्य आहे; लेखनाचा वेळ खाल्ल्याने तो अपायकारकही ठरतो. आक्षेपाचा हा उत्तरार्धच अधिक वजनदार वाटतो. फ्रँक ओ'हेअर यांनी १९७३ साली निराळी वाट दाखविली: व्याकरणाच्या संज्ञा बाजूला ठेवून मुलांना सुटी, लहान वाक्ये द्यावयाची व ती एका वाक्यात गुंफावयास सांगावयाचे. सातव्या इयत्तेतील त्या मुलांचे लेखन सुधारले.